कागदातला ‘इभराम आदलशा’ नेमका कोणता?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेकडच्या एका गावच्या कुलकर्णी वतनाची, पेशवाईत केलेली एक मोडी नक्कल आपल्या घरी आहे. तिच्यात ‘इभराम आदलशा’ याच्या कारकिर्दीत वतन मिळाल्याचा उल्लेख असून ‘सुहूर सन इहिदे खमसैन तिसामया, छ १२ रमजान’ असा काळ दिलेला आहे. हा राजा म्हणजे ‘जगद्गुरू’ म्हणून प्रसिद्ध असलेला दुसरा इब्राहीम आदिलशाह होय, असे घरच्या कुलवृत्तांतात छापलेले आहे. आता खातरजमा करायला बसल्यावर आपल्याला एकट्या दख्खनमध्येच त्या एका शतकात इब्राहीम नावाचे इतके सुलतान आढळले, की कोणाचा कागद आणि कोणाची कीर्ती हेच कळेनासे झाले.

उत्तर आधी देतो आणि कारणे मग सांगतो. आपल्या कागदातला राजा पहिला इब्राहीम आदिलशाह आहे, दुसरा नव्हे. कागदाचा काळ सप्टेंबर १५५० चा उत्तरार्ध असा निघतो आणि त्या वेळी दुसऱ्या इब्राहीमचा जन्मही झालेला नव्हता. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांना मात्र फार दोष देऊ नये. मोडी आणि फारसी कागद वाचण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत, आणि नावावरून माणूस ठरवण्याची ही चूक मी स्वतःही केलेली आहे. तिची हकीकत पुढे येईलच.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ हे आकडे आपले आहेत, त्यांचे नव्हेत. सिंहासनावर बसलेला कोणताही इब्राहीम स्वतःला ‘पहिला’ म्हणवत नव्हता, आणि त्याच्या नातवाच्या कारकुनांनी फर्मानावर ‘दुसरा’ असे लिहिण्याचेही कारण नव्हते, कारण राज्य करीत असलेला राजा एकच असतो आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. हे आकडे नंतरच्या इतिहासकारांनी आपल्या सोयीसाठी लावले. त्यामुळे मूळ कागदात आपल्याला फक्त ‘इब्राहीम’ मिळतो, आणि तो कितवा हे काळ, स्थळ, घराणे, बापाचे नाव आणि कामगारांची, म्हणजे सरकारी अंमलदारांची, नावे यांवरून ठरवावे लागते. या सगळ्या पुराव्यांमध्ये खुद्द राजाचे नाव हा सर्वांत कच्चा पुरावा असतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

आता दख्खनमधले इब्राहीम पाहू. विजापूरच्या गादीवर १५३४ ते १५५८ या काळात इब्राहीम आदिलशाह पहिला होता. इस्माईल आदिलशाहाचा हा मुलगा, थोरला भाऊ मल्लू याला काही महिन्यांतच पदच्युत केल्यावर गादीवर आला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा अली पहिला १५५८ ते १५८० राज्य करून गेला. अलीला मूल नव्हते, म्हणून त्याचा भाऊ तहमास्प याचा नऊ वर्षांचा मुलगा गादीवर बसवला गेला. तोच इब्राहीम आदिलशाह दुसरा, राज्यकाल १५८० ते १६२७. म्हणजे आपल्या दोन्ही इब्राहीमांचे नाते आजोबा-नातवाचे आहे. गोवळकोंड्यात १५५० ते १५८० इब्राहीम कुतुबशाह होता. बीदरच्या बरीदशाहीत १५८० च्या सुमारास इब्राहीम बरीदशाह आला. आणि अहमदनगरला १५९५ साली जेमतेम चार महिने इब्राहीम निजामशाह राज्य करून रणांगणावर मारला गेला.

या सनावळ्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या म्हणजे गोंधळ कोठे होतो ते दिसते. १५५० ते १५५८ ही आठ वर्षे विजापूर आणि गोवळकोंडा या दोन्ही दरबारांत इब्राहीमच होते. १५८० हे वर्ष तर सांध्याचे आहे: एप्रिलमध्ये अली आदिलशाहाचा खून होऊन विजापुरात इब्राहीम गादीवर आला आणि जूनमध्ये गोवळकोंड्याचा इब्राहीम मरण पावला, म्हणजे सुमारे दोन महिने पुन्हा दोघे एकाच वेळी होते. पुढे विजापूरच्या इब्राहीमचे लग्न झाले ते मुहम्मद कुली कुतुबशाहाच्या बहिणीशी, म्हणजे दिवंगत इब्राहीम कुतुबशाहाच्या मुलीशी. सासरा इब्राहीम, जावई इब्राहीम, आणि जावयाचा आजोबाही इब्राहीम. एखाद्या तवारिखेत ‘इब्राहीमच्या मुलीचा विवाह’ असे वाक्य आले तर वाचणाऱ्याने तिथे थांबून विचार केलेला बरा.

नावे अशी पुन्हापुन्हा का येतात, याचे उत्तर मराठी माणसाला परके नाही. इब्राहीम हे कुराणातल्या पैगंबराचे नाव. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, कुटुंबांत तेच नाव अब्राहम म्हणून वेगळ्या वाटेने आलेले आहे. त्यातून आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. इब्राहीम, अली, पुन्हा इब्राहीम, मग मुहम्मद, आणि पुन्हा अली, असा विजापूरचा क्रम आहे. १६५९ साली अफझलखान निघाला तेव्हा गादीवर होता तो अली दुसरा; तालिकोटच्या लढाईतला अली पहिला. भोसले घराण्यात तरी काय वेगळे आहे? शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी, पुत्र संभाजी, आणि पुढे कोल्हापूरच्या गादीवरही संभाजी. ‘संभाजीराजे’ एवढ्यावरून कोणताही अभ्यासक कागदाचा काळ ठरवत नाही. सुलतानांच्या बाबतीत मात्र आपण सहज ठरवून मोकळे होतो, कारण त्या घराण्यांतला एकेकच माणूस आपल्या ओळखीचा असतो आणि प्रत्येक कागद त्याच्याच नावावर जमा होतो.

आता आपल्या कागदातल्या सनाकडे येतो, कारण निकाल तिथेच लागतो. सुहूर सनाला मृगसाल असेही म्हणतात. मृग नक्षत्र लागले की वर्ष बदलते, म्हणजे ते शेतीच्या हंगामाला बांधलेले सौर वर्ष आहे. त्याचे आकडे अरबी संख्यावाचक शब्दांत आणि एककापासून उलटे लिहितात. आपल्या कागदात ‘इहिदे’ म्हणजे एक, ‘खमसैन’ म्हणजे पन्नास आणि ‘तिसामया’ म्हणजे नऊशे, मिळून ९५१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. म्हणून हे वर्ष १५५० च्या मे महिन्याच्या अखेरीपासून १५५१ च्या मे महिन्यापर्यंतचे ठरते. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात महिना हिजरी आहे. त्या वर्षात येणारा रमजान हिजरी ९५७ मधला, तो सप्टेंबर १५५० च्या मध्याला सुरू झाला. बारावा चंद्र म्हणजे सप्टेंबरची साधारण चोवीस तारीख. एकदिवसाचा फरक चंद्रदर्शनामुळे पडू शकतो. त्याने आपले काही बिघडत नाही.

इथेच एक खड्डा आहे. सुहूर सन आणि हिजरी सन यांचे आकडे एकाच जातीचे दिसतात, कारण दोघांची सांगड १३४४ साली जुळलेली होती. त्या वर्षी दोन्हींचा आकडा ७४५ होता. पण हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ते दर तेहतीस वर्षांत एक वर्ष पुढे सटकते. दोनशे वर्षांत हे अंतर सहा-सात वर्षांचे झाले. आपल्या कागदातले ९५१ कोणी चुकून हिजरी धरले तर १५४४-४५ हे साल येईल. सुदैवाने तेव्हाही पहिला इब्राहीमच होता, म्हणून ही चूक झाली तरी राजा बदलत नाही. सगळेच कागद असे उदार नसतात. ९६५ हा आकडा हिजरी धरला तर १५५७-५८ निघते आणि राजा पहिला इब्राहीम असतो. तोच आकडा सुहूर धरला तर १५६४-६५ निघते आणि गादीवर अली असतो.

माझी चूक अशाच एका आकड्यात झाली. कागद वाचायला शिकून थोडीच वर्षे झाली होती आणि आत्मविश्वास मात्र भरपूर होता. एका जोशी वतनाच्या कागदात ‘इहिदे समानीन तिसामया’, म्हणजे ९८१ असा सन होता आणि राजाचे नाव इब्राहीम होते. मी ९८१ हिजरी धरले, १५७३ साल काढले, त्या साली अली आदिलशाह राज्यावर होता हे पाहिले, आणि एका स्मरणिकेतल्या लेखात तो कागद बनावट असल्याचे निःशंकपणे लिहून टाकले. महिनाभरात एका वयोवृद्ध वाचकांचे पोस्टकार्ड आले. त्यावर चारच ओळी होत्या: सन सुहूर आहे, ९८१ म्हणजे १५८०-८१, इब्राहीम त्याच वर्षी गादीवर आला, आणि कागद अस्सल असावा. ज्या घराचा तो कागद होता त्यांची माफी मागायला मी गेलो, तेव्हा त्यांनी चहा दिला आणि कागदही पुन्हा दाखवला, एवढे माझे नशीब. तेव्हापासून एक नियम पाळतो: सनाचा प्रकार ठरल्याशिवाय आकड्यात काही मिळवायचे नाही, आणि नाव व सन यांचे पटत नसेल तर कागदावर संशय घेण्याआधी आपल्या बेरजेवर घ्यायचा.

नकलेच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पेशवाईतल्या कारकुनाला हे अरबी शब्द रोजच्या वापरातले होते, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या फाटक्या कागदावरून उतरवताना ‘खमसैन’ (पन्नास) आणि ‘सितैन’ (साठ), ‘समानीन’ (ऐंशी) आणि ‘सलासीन’ (तीस) यांत घोटाळा होऊ शकतो. म्हणून उलट्या दिशेनेही तपासावे. पहिल्या इब्राहीमच्या काळात सुहूर सनाचा दशक-शब्द सलासीन, अर्बैन (चाळीस) किंवा खमसैन यांपैकीच असू शकतो, कारण त्याचे राज्य साधारण ९३४ ते ९५८ या सुहूर वर्षांत बसते. दुसऱ्या इब्राहीमच्या काळात तो समानीन किंवा तिसैन (नव्वद) असेल, किंवा ९९९ नंतर ‘अलफ’, म्हणजे हजार, येईल. आपल्या कागदात ‘खमसैन’ स्पष्ट वाचता येत असेल, तर दुसऱ्या इब्राहीमला तिथे जागाच उरत नाही. ज्या कागदावर ‘इभराम’ आणि ‘अलफ’ हे दोन्ही शब्द दिसतील, तो डोळे मिटून नातवाकडे द्यावा.

पण मग कुलवृत्तांतात ‘जगद्गुरू’ कोठून आला? माझ्या मते तो प्रसिद्धीच्या जोरावर आला. दुसऱ्या इब्राहीमचे सगळेच लक्षात राहण्याजोगे आहे. ‘किताब-ए-नवरस’ या दख्खनी गीतसंग्रहाचा तो कर्ता, संगीताचा वेडा, विजापूरजवळ १५९९ च्या सुमारास नवरसपूर वसवणारा. त्याच्या काही फर्मानांच्या माथ्यावर ‘अज पूजा श्री सरस्वती’ असे शब्द मिळतात. विजापूरचा इब्राहीम रोजा त्याचाच. फिरिश्त्याने आपला इतिहास त्याच्याच आश्रयाने लिहिला आणि त्याला ‘गुलशन-ए-इब्राहीमी’ हे नावही दिले. ते नाव पाहून तो इब्राहीमचे चरित्र असेल असे समजणारेही भेटतात. नळदुर्गचा पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीतला, १६१३ चा. १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर शहाजीराजे काही काळ आदिलशाहीत होते, तेही याच इब्राहीमकडे. इतका मोठा माणूस समोर असताना कोणाला आजोबा आठवणार?

आणि तरीही मराठी कारकुनी घराण्यांच्या दृष्टीने आजोबा अधिक महत्त्वाचा आहे, ही या प्रकरणातली गंमत आहे. इस्माईलच्या काळात दरबारावर इराणी वळण होते. बारा टोकांची लाल टोपी घालणे ही सरदारांची खूण होती. पहिल्या इब्राहीमने सत्तेवर आल्यावर शिया पंथाऐवजी सुन्नी पंथाला राज्याश्रय दिला, ती टोपी बंद केली, परदेशी सरदार व शिपाई मोठ्या प्रमाणावर कमी करून दख्खनी आणि हबशी लोकांना पुढे आणले. फिरिश्ता सांगतो की त्याने सरकारी हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त ठेवायला लावले आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचा दफ्तरात जम बसला. ‘हिंदवी’ या शब्दाचा अर्थ मुलखाप्रमाणे मराठी किंवा कानडी असा घ्यावा, असे मला वाटते; महसुलाचा हिशेब गावच्या पाटील-कुलकर्ण्याला वाचता येईल अशाच भाषेत असणार. ही गोष्ट सर्रास दुसऱ्या इब्राहीमच्या नावावर सांगितली जाते, कारण सरस्वतीची पूजा करणारा राजाच देशी भाषेला जवळ करील, असे ऐकणाऱ्याला स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ते काम कट्टर सुन्नी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजोबाचे आहे, आणि त्याच्यामागे भाषाप्रेमापेक्षा परदेशी गटाला शह देण्याचे राजकारण अधिक असावे. आपल्या घरच्या कुलकर्णी वतनाचा कागद नेमका त्याच्या राज्यातला, १५५० चा आहे. कुलवृत्तांतात जगद्गुरूच्या जागी हा संदर्भ घातला तर घराण्याचे काही कमी होणार नाही, उलट वतनाला नीट पार्श्वभूमी मिळेल.

दोघांना वेगळे ओळखण्याच्या काही ठोस खुणा आहेत. फारसी मुद्रेत किंवा शिलालेखात बापाचे नाव आले असेल तर प्रश्नच मिटतो: ‘बिन इस्माईल’ म्हणजे आजोबा, ‘बिन तहमास्प’ म्हणजे नातू. तांब्याचे नाणे असेल आणि त्यावर ‘इब्राहीम अबला बली’ असे असेल, तर ते दुसऱ्याचे. दुर्बलांचे बळ अशा अर्थाचे ते देशी शब्द फारसी लिपीत वाचताना आजही मौज वाटते. कबरीही वेगळ्या ठिकाणी आहेत. पहिला इब्राहीम विजापुरात नाही. तो बाप आणि आजोबा यांच्याजवळ गोगी येथे, आजच्या कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात, पुरलेला आहे. विजापूरला सहलीला जाऊन इब्राहीम रोजासमोर उभे राहून आपल्या वतनदात्याला नमस्कार करून आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. आपल्या कुटुंबाला त्यासाठी गोगीला जावे लागेल.

कामगारांची नावेही उपयोगी पडतात. पहिल्या इब्राहीमच्या काळात बेळगावकडच्या मुलखात असदखान लारी याचे वजन होते. तो १५४९ मध्ये वारला, म्हणजे १५५० च्या कागदात तो जिवंत असल्यासारखा आला तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. दुसऱ्या इब्राहीमच्या पहिल्या दहा वर्षांत नाव त्याचे आणि कारभार इतरांचा होता: कामिलखान, किश्वरखान, इखलासखान, दिलावरखान असे एकामागून एक सत्ताधारी झाले. चुलती चांदबीबी ही अलीची विधवा. तिने मुलाचा सांभाळ केला, आणि किश्वरखानाने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले होते. १५९० पर्यंतच्या कोणत्याही हुकुमात ‘इब्राहीमने आज्ञा केली’ असे वाचले तर ती आज्ञा प्रत्यक्षात कोणाची, हा वेगळाच प्रश्न असतो.

कुतुबशहाचा विचारही आपल्याला करावा लागतो, कारण १५५० मध्ये तोही गादीवर आला होता. आपल्या नकलेत ‘आदलशा’ हा शब्द आहे आणि गाव मिरजेकडचे आहे, म्हणून तो बाद होतो. नुसते ‘इभराम शाहा’ असते आणि गाव पूर्वेकडचे असते, तर एवढ्या सहजपणे सांगता आले नसते. हा इब्राहीम मोठा मनोवेधक माणूस आहे. बापाचा खून झाल्यावर तो विजयनगरला पळून गेला आणि रामरायाच्या आश्रयाला सात वर्षे राहिला. पुढे १५६५ मध्ये त्याच रामरायाविरुद्ध तालिकोटच्या लढाईत इतर सुलतानांबरोबर उतरलाही. विजयनगरच्या वास्तव्यात त्याला तेलुगूची गोडी लागली, आणि तेलुगू कवींनी त्याला ‘मल्किभराम’ म्हटले. मलिक इब्राहीमचे हे रूप आपल्या ‘इभराम’च्या शेजारी ठेवून पाहावे. ‘इब्राहीम’मधला ‘ह’ दोन्ही भाषांनी मागे ओढून ‘ब’ला चिकटवला, ‘ब’चा ‘भ’ झाला, आणि उरलेले नाव ‘राम’ असे आपोआप ओळखीचे झाले. म्हणून ‘इभराम’, ‘इभ्राईम’, ‘अबराम’ अशी रूपे पाहून वेगवेगळी माणसे कल्पू नयेत. एकाच कागदात दोन ओळींच्या अंतराने दोन रूपे आलेली मी वाचली आहेत.

निजामशाही इब्राहीम आपल्या कागदाशी संबंधित नाही, पण त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या मृत्यूनंतर १५९५ च्या वसंतात तो गादीवर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या सुमारास विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. म्हणजे एका इब्राहीमच्या सैन्याने दुसरा इब्राहीम मारला. बखरीच्या ढंगाने लिहिलेल्या एखाद्या नोंदीत ‘इब्राहीमशहा पडले’ एवढेच असेल, तर कोण जिंकले हेसुद्धा कळायचे नाही. त्याचे तान्हे मूल बहादूर, आणि त्याच्या नावाने अहमदनगरचा किल्ला मोगलांशी लढवणारी चांदबीबी, हा पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. तिच्या बाबतीतही लोक अडखळतात: ती विजापूरची राणी की नगरची? माहेर नगरचे, सासर विजापूरचे. नगरच्या इब्राहीमची ती आत्या आणि विजापूरच्या इब्राहीमची चुलती.

गोव्याकडच्या कागदांत उलटा प्रकार दिसतो. पोर्तुगीज लेखक विजापूरच्या प्रत्येक सुलतानाला ‘इदालकांव’ म्हणत, नगरच्या प्रत्येकाला ‘निझामालुको’. तिथे नाव गाळलेले आणि पदवीच नाव होऊन बसलेली. ‘इदालकांव’ म्हणजे आदिलखान. युसुफपासून पुढच्या सगळ्यांना हा एकच शब्द पुरला, त्यामुळे तारीख पाहिल्याशिवाय अर्थच लागत नाही. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांना देणारा इदालकांव म्हणजे आपला पहिला इब्राहीम. १५७०-७१ मध्ये गोव्याला वेढा घालणारा इदालकांव म्हणजे अली. या पोर्तुगीज शब्दात ‘खान’ आहे, ‘शाह’ नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. आदिलशाही घराण्यात ‘शाह’ ही पदवी उघडपणे रुळली ती पहिल्या इब्राहीमच्या काळात, असे मानतात. आपल्या नकलेतला ‘आदलशा’ मूळ कागदातला असू शकतो, किंवा पेशवाईतल्या कारकुनाने आपल्या काळच्या सवयीने लिहिलेला असू शकतो. त्यावर फार मोठे अनुमान बांधू नये.

आपण ‘पानिपतचा इब्राहीम’ असाही उल्लेख केला आहे. तिथेही दोघे आहेत आणि दोघांत दोनशे पस्तीस वर्षांचे अंतर आहे: १५२६ मध्ये बाबराशी लढताना पडलेला दिल्लीचा सुलतान इब्राहीम लोदी, आणि १७६१ मध्ये भाऊसाहेबांच्या बाजूने लढून कैद झालेला व नंतर मारला गेलेला इब्राहीमखान गारदी. पहिला सुलतान, दुसरा तोफखाना आणि कवायती पलटणींचा सरदार. दोघांचाही आदिलशाहीशी संबंध नाही, त्यामुळे त्यांना इथेच सोडतो.

आता पुढे काय करावे ते सांगतो. ‘इहिदे खमसैन’ ही अक्षरे असलेल्या ओळीचे छायाचित्र भिंगाखाली पुन्हा पाहावे आणि ‘खमसैन’ हे ‘सितैन’ नाही याची खात्री करावी. ते सितैन निघाले, तर साल १५६० होईल आणि तेव्हा गादीवर अली असल्याने ‘इभराम’ हे नाव नकलेत कसे आले ते शोधावे लागेल. वतन ‘नवे दिले’ असे शब्द आहेत की ‘पूर्वापार चालत आले ते करार केले’ असे आहेत, हेही तपासावे, कारण दुसऱ्या प्रकारात आपले घराणे त्या गावी १५५० च्याही आधीपासूनचे ठरते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आदिलशाही कागद वाचणारे अभ्यासक भेटतील. त्यांना नकलेचा शेवटचा बंद, म्हणजे शेवटचा कागद, आवर्जून दाखवावा. नक्कल करणारे पुष्कळदा मूळ कागदावरच्या फारसी शिक्क्याची अक्षरेही बाळबोधीत किंवा मोडीत उतरवून ठेवत, आणि वाचणारे ती अगम्य म्हणून ओलांडून जातात. ‘मोर्तब सूद’ या, शिक्का झाल्याचे सांगणाऱ्या, शेवटच्या शब्दांच्या आसपास अशी एखादी अर्थ न लागणारी ओळ असेल, तर तिच्यात ‘इस्माईल’ची अक्षरे शोधावीत.